दोन शिक्के : उदारमतवादी आणि पुराणमतवादी

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



शताब्दीच्या निमित्ताने चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी भाषेचा अध्यापक आहे. राज्यशास्त्राचा अभ्यासक असल्याचा दावा मी करणार नाही. परंतु राजकारणातील भांडणे पुष्कळदा शब्दांपाशीच सुरू होतात आणि शब्दांपाशीच अडतात. तेव्हा तेवढ्यापुरता माझाही या प्रांतात थोडा हक्क पोहोचतो असे समजून मी आज दोन शब्दांविषयी बोलणार आहे. ‘उदारमतवादी’ आणि ‘पुराणमतवादी’ हे ते दोन शब्द. वर्तमानपत्र उघडा, कोणाच्या ना कोणाच्या कपाळावर यांपैकी एक शिक्का मारलेला दिसतोच. शिक्का मारणाऱ्याला त्यातून काय सांगायचे असते, आणि ज्याच्यावर तो मारला जातो त्याच्याविषयी आपल्याला खरोखर काय कळते, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम शब्दच पाहू. ‘उदार’ हे आपल्याकडे दात्याचे विशेषण. कर्ण उदार, भोजराजा उदार. त्यामुळे ‘उदारमतवादी’ म्हटले की मनाने मोठा, हाताने सढळ असा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. उलट ‘पुराणमतवादी’ म्हणताच पोथीला चिकटलेला, नव्या वाऱ्याने शिंका येणारा कोणी दिसू लागतो. म्हणजे वाद सुरू होण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. इंग्रजीतील ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ या शब्दात मुळात जतन करण्याचा भाव आहे. जतन हा मराठीतला किती जिव्हाळ्याचा शब्द! या वास्तूत शंभर वर्षे पुस्तकांचे जे चालले आहे ते जतनच. पण त्या पक्षाला ‘जतनवादी’ म्हणावे असे कोणाला सुचले नाही. आपल्या वृत्तपत्रांनी ब्रिटनमधल्या त्या पक्षाला ‘हुजूर पक्ष’ केले. ‘मजूर पक्षा’शी यमक छान जुळले आणि नाव रूढ झाले. आपल्याकडचे जुन्याचे अभिमानी मात्र स्वतःला ‘सनातनी’ म्हणवीत, म्हणजे जे कधीच जुने होत नाही त्याचे पाईक. एकाच शब्दाच्या या तीन भाषांतरांतून तीन निरनिराळी माणसे उभी राहतात : एक जुनाट, एक सरदारी थाटाचा आणि एक शाश्वताचा उपासक. ‘लिबरल’चीही तीच गत. उदारमतवादी, प्रागतिक, नेमस्त आणि चिडवायचे असेल तेव्हा मवाळ! भाषांतरकाराने प्रत्येक वेळी आपले मत त्यात मिसळलेले आहे.

युरोपातही ही नावे काही आकाशातून पडली नाहीत. १८१० ते १८१२ या काळात स्पेनमधील कादिझ शहराला फ्रेंच फौजांचा वेढा पडलेला असताना तेथे जमलेल्या प्रतिनिधिसभेने राजाची सत्ता मर्यादित करणारी राज्यघटना तयार केली. तिचे पुरस्कर्ते स्वतःला ‘लिबरल’ म्हणवू लागले आणि विरोधकांना त्यांनी ‘सर्व्हिल’, म्हणजे दास्यवृत्तीचे, असे नाव ठेवले. नाव आपल्यासाठी गोड आणि दुसऱ्यासाठी कडू, ही रीत पहिल्या दिवसापासूनची आहे. पुढे १८१८ मध्ये शातोब्रियाँने फ्रान्समध्ये ‘ल कॉन्झर्व्हातर’ हे नियतकालिक काढले. ब्रिटनमध्ये १८३० च्या सुमारास टोरी पक्षाला ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे नाव मिळू लागले आणि १८५९ मध्ये लिबरल पक्षाची रीतसर जुळणी झाली.

आता गंमत पाहा. ज्याला पुराणमतवादाचा आद्य आचार्य मानतात तो एडमंड बर्क टोरी नव्हताच. तो होता व्हिग. अमेरिकन वसाहतींची बाजू त्याने घेतली आणि फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९० मध्ये त्यानेच कठोर टीका केली. याच बर्कने वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटापुढे खटला चालविला. तो १७८८ पासून १७९५ पर्यंत रेंगाळला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, ही गोष्ट वेगळी. हिंदुस्थानातील लोकांचे कायदे, रीती, घराणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत; कंपनीच्या नोकरांना ती पायदळी तुडविण्याचा अधिकार नाही, हा त्या खटल्यामागील बर्कचा विचार होता. परंपरेविषयीचा आदर येथे दुबळ्याच्या रक्षणाला धावून आलेला आहे.

त्याच्या शेजारी जॉन स्टुअर्ट मिलला बसवा. १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्यावरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ आला. आमच्या आगरकरांना ज्या ग्रंथांनी घडविले त्यांत मिलच्या ग्रंथांचे स्थान मोठे. पण हाच मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत लंडनच्या इंडिया हाउसमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर होता. आणि मागासलेल्या समाजांना हे स्वातंत्र्याचे तत्त्व लागू नाही, त्यांच्या सुधारणेच्या हेतूने चालविलेली एकतंत्री सत्ता समर्थनीय ठरते, असे त्याने त्याच ग्रंथाच्या आरंभी लिहून ठेवले आहे. उदारमताचा दिवा तळाशी अंधार ठेवून होता, आणि त्या अंधारात आपण होतो.

इंग्लंडच्या घरगुती कारभारातही हेच. धान्यावरचे जकातीचे कायदे १८४६ मध्ये रद्द केले ते कॉन्झर्व्हेटिव्ह पील याने, आणि त्यापायी आपला पक्ष फोडून घेतला. गिरण्यांतील बायका व मुले यांच्या कामाचे तास दहावर आणणारा १८४७ चा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटला तो टोरी लॉर्ड अ‍ॅश्ली. आणि सरकारने मालक-मजुरांच्या करारात पडू नये म्हणून त्याला कडाडून विरोध केला तो जॉन ब्राइटसारख्या उदारमतवाद्याने. दहा तासांनंतर घरी जाऊ लागलेल्या पोरीला कोणता पक्ष उदार वाटला असेल?

शब्दांचा हा फिरता रंगमंच पुढेही थांबलेला नाही. अमेरिकेत १९३० नंतर ‘लिबरल’ म्हणजे सरकारने गरिबांसाठी हात पुढे करावा असे म्हणणारा. तर आपल्याकडे १९९१ मध्ये ‘उदारीकरण’ आले ते सरकारने परवान्यांचा हात मागे घ्यावा म्हणून. ऑस्ट्रेलियातील लिबरल पक्ष तिकडचा उजवा पक्ष आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्हविरुद्ध बंड करणाऱ्या कट्टर कम्युनिस्टांना जगभरची वृत्तपत्रे ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणत होती. आपले राजगोपालाचारी वृत्तीने परंपरेचे माणूस. पण १९५९ मध्ये त्यांनी उभा केलेला स्वतंत्र पक्ष अर्थकारणात जुन्या इंग्रजी अर्थाने लिबरल होता. याची यादी कितीही लांबविता येईल, परंतु मला घाई आहे ती आपल्या घराकडे येण्याची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे पुणे घ्या. शाळेत आपल्याला ते फार सोपे करून शिकविले जाते : रानडे, आगरकर, गोखले एका बाजूला, टिळक दुसऱ्या बाजूला. इकडे उदारमतवादी, तिकडे सनातनी. शिवाय इकडे नेमस्त, तिकडे जहाल. या दोन जोड्या वेगवेगळ्या आहेत हे आपण विसरतो. पहिली जोडी आपल्या चालीरीतींविषयी बोलते, दुसरी इंग्रज सरकारशी कसे वागावे याविषयी. पुण्यात त्या एकमेकींत गुंतल्या म्हणून सर्वत्र तशाच गुंतल्या पाहिजेत असे नाही. पंजाबात लाला लजपतराय राजकारणात जहाल आणि आर्यसमाजी सुधारक. प्रयागात पंडित मदनमोहन मालवीय सनातनी आणि राजकारणात सौम्य वळणाचे.

या गुंत्यातला सर्वांत खरा, सर्वांत दुखरा प्रसंग म्हणजे संमतिवयाचे बिल. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाहावर टिपणे प्रसिद्ध करून वादाला तोंड फोडले. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी मोठी झाल्यावर पतीकडे नांदायला जाणार नाही म्हणाली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. १८८७ मध्ये फेरसुनावणीत नांदायला जा, नाही तर सहा महिन्यांची कैद भोग, असा हुकूम झाला. तिने कैद पत्करण्याची तयारी दाखविली. प्रकरण १८८८ मध्ये पैशांच्या तडजोडीने मिटले. पुढे त्या विलायतेत वैद्यक शिकल्या आणि सुरत व राजकोट येथे डॉक्टर म्हणून त्यांनी दीर्घ काळ सेवा केली. नंतर बंगालमधील फुलमणी या अजाण मुलीचा पतीच्या हातून मृत्यू झाला आणि सरकार हलले. १८९१ च्या मार्चमध्ये संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा मंजूर झाला. दहावरून बारा. एवढ्या दोन वर्षांसाठी केवढे रण माजले!

आता दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐका आणि त्यांवरचे शिक्के क्षणभर झाकून ठेवा. डॉ. भांडारकर बिलाच्या बाजूचे; त्यांनी आधार काढले ते संस्कृत ग्रंथांतले. विधवाविवाहाच्या वादातही सुधारकांनी शास्त्राचाच आश्रय घेतला होता. उलट टिळकांचा मुख्य मुद्दा काय होता? परक्या, लोकांना जबाबदार नसलेल्या सरकारला आमच्या घरात कायदा घालण्याचा अधिकार नाही. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन आहे. समाजाने आपली सुधारणा आपण करावी. सत्तेला मर्यादा घाला, लोकांच्या संमतीवाचून कायदा नको, ही तर लिबरलांची शिकवण! त्या काळी आपल्याकडे भक्तिभावाने वाचला जाणारा हर्बर्ट स्पेन्सर १८८४ मध्ये इंग्लंडातील उदारमतवाद्यांना हेच सुनावीत होता, की तुम्ही कायद्यांवर कायदे करीत सुटला आहात, तुम्ही नव्या रूपातले टोरीच आहात. म्हणजे पुण्यात शास्त्राच्या आधारे बोलत होते ते सुधारक आणि स्पेन्सरला पटेल असे बोलत होते ते सनातन्यांचे पुढारी.

याहून पुढची गोष्ट आहे. १८९० मध्ये पुण्याच्या जाहीर सभेत टिळकांनी उलट सूचना मांडल्या : मुलींची लग्ने सोळाव्या आणि मुलांची विसाव्या वर्षापर्यंत करू नयेत, विधवांचे वपन करू नये इत्यादी, आणि ज्यांना हे मान्य असेल त्यांनी सह्या करून स्वतःला बांधून घ्यावे. कायदा बारा म्हणत होता, टिळक सोळा म्हणत होते. नुसत्या आकड्यांवरून पारख करायची तर अधिक सुधारक कोण ठरेल?

परंतु मी येथे थांबणार नाही, कारण येथे थांबणे म्हणजे चतुराईवर समाधान मानणे होय. स्वेच्छेचा करार सही करणाऱ्यापुरता असतो. दहा वर्षांच्या ज्या मुलीच्या अंगावर हा सारा वाद चालला होता तिची सही त्या कागदावर नव्हती, असणे शक्य नव्हते, आणि जो बाप सही करणार नाही त्याच्या मुलीचे काय, याला त्या योजनेत उत्तर नव्हते. समाजाचे स्वातंत्र्य सरकारपासून जपायचे, हे ठीक. पण त्या समाजाच्या आत जी सर्वांत दुर्बळ, तिचे स्वातंत्र्य समाजापासून कोणी जपायचे? आगरकरांनी हा प्रश्न ओळखला होता म्हणून ते कायद्याच्या बाजूने उभे राहिले. तेलंगांचेही तसेच. राजकीय सुधारणेला अग्रक्रम द्यावा असे १८८६ मध्ये प्रतिपादणारे तेलंग या बिलाच्या वेळी मात्र त्याच्या पाठीशी उभे राहिले. माझ्या मते त्या दिवशी ते बरोबर होते. ते लिबरल म्हणून ओळखले जात, हे त्याचे कारण नव्हे; त्या दिवशी त्यांनी मोजायला घेतलेले माणूस योग्य होते.

टिळकांच्या बाबतीत एक उत्तरार्ध आहे. १९१८ च्या मार्चमध्ये महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. अध्यक्षस्थानी श्रीमंत सयाजीराव महाराज होते. टिळक तेथे गेले आणि देव जर अस्पृश्यता मानू लागला तर त्याला मी देव म्हणून ओळखणार नाही, अशा अर्थाचे भाषण त्यांनी केले. सभा थरारली असणार. मात्र स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही अशा आशयाच्या जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या गेल्या तेव्हा त्यांची सही झाली नाही. अनुयायांचा विचार, राजकारणाची निकड, कारणे पुष्कळ सांगितली जातात आणि ती खोटी नसतील. पण कायदा नको, स्वेच्छेच्या सह्या हव्यात, हा १८९० मधला आग्रह आठवला की ही कोरी जागा डोळ्यांत भरते.

उदारमतवाद्यांच्याही वहीत अशा कोऱ्या जागा आहेत. पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहाचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. त्या पेल्यापायी टिळक आणि रानडे या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. टिळकांचे कोणाला विशेष वाटले नाही. रानड्यांचे मात्र त्यांच्या स्नेह्यांना फार लागले. पुढे १८९५ मध्ये पुण्याच्या काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू देणार नाही असा विरोध उठला तेव्हा रानड्यांनी ती अन्यत्र हलविली. कोणी याला भीरुता म्हणाले, कोणी शहाणपण. मी रानड्यांचा भक्त असल्याने निवाडा देण्याचे टाळतो.

आणि मग महात्मा फुले. त्यांना या दोन खान्यांपैकी कोणत्या खान्यात ठेवाल? १८८५ च्या पुण्यातील ग्रंथकार सभेचे निमंत्रण रानड्यांनी त्यांना पाठविले होते. फुल्यांनी पत्र लिहून नकार कळविला. शूद्रातिशूद्रांचे हक्क जे मनापासून मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचे जुळायचे नाही, असा त्याचा आशय आहे. ज्यांना पुणे उदारमतवाद्यांचे शिरोमणी म्हणत होते, ते फुल्यांच्या अंगणातून पाहिले असता सनातन्यांच्याच ओळीत उभे दिसत होते. ग्रंथालयाच्या शताब्दीत हे पत्र आठवणे अवघड वाटेल. पण ते पुस्तकांविषयीचेच पत्र आहे, तेव्हा आठवायला याहून योग्य जागा कोणती?

बडोद्यात बोलताना सयाजीराव महाराजांचे नाव एकदा येऊन गेले, ते पुन्हा घेतो. ‘हुजूर’ या शब्दाची येथे मौजच होते. इंग्लंडातला हुजूर पक्ष जुन्याचा रक्षक. पण बडोद्यात हुजूर हुकूम निघे तो बहुधा नव्यासाठी. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू, १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा, १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना आणून ग्रंथालयांचे जाळे आणि खेड्यापाड्यांत जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरातली पहिली साक्षर पिढी त्या हुकमांची आहे. हे सारे केले एका वंशपरंपरागत, अनियंत्रित सत्ताधीशाने. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बडोद्याचाच दाखला देऊन प्राथमिक शिक्षणाचे बिल मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. ते सनदशीर मार्गाने, आर्जवाने, आकडेवारीने आले आणि १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. त्याला विरोध करणाऱ्यांत आपले लोकही होते. प्रजेला विचारून आलेले शिक्षण हरले, न विचारता आलेले शिकवून गेले. या वस्तुस्थितीने माझ्यासारख्या लोकशाहीवाद्याची झोप थोडी उडते; ती उडावीच.

मात्र राजा उदारमतवादी असला म्हणजे नगर तसे होते काय? याची परीक्षा याच शहरात झाली. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेले डॉ. आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी १९१७ मध्ये बडोद्यास आले. राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशी पथिकाश्रमात पारशी नावाने राहिले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत पुढची हकीकत लिहून ठेवली आहे. ते प्रथम एका हिंदू स्नेह्याकडे गेले. त्याला वाईट वाटले. पण तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. मग ते एका ख्रिस्ती स्नेह्याकडे गेले. पत्नीला विचारून सांगतो, असे उत्तर आले. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण. धर्मांतरानंतर पती विचारांनी उदार झाला होता, पत्नी जुन्या वळणाचीच राहिली होती, हे बाबासाहेबांना मागाहून कळले. आपले आजचे दोन्ही शब्द त्या एका घरात, एका छपराखाली नांदत होते. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्या दोहोंकडून मिळाले ते एकच.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. आठच्या सुमारास ते उठले, भाड्याची गाडी करून पथिकाश्रमावरून आपले सामान घेतले आणि स्टेशनकडे गेले.